तायडेभाऊंचं 'खलास'

एखादी गोष्ट पार डोक्यावरून गेली, की तायडेभाऊ ठामपणे म्हणतात, "खलास! समजलं." आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट उलटी करून इतरांना समजावतात. इथे आखातात, उम्म अल हस्सम भागात, ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे अकोल्याकडचे, एसी टेक्निशियन. मशीन त्यांना बरोबर कळतं, घोळ होतो तो माणसांशी बोलताना.

त्यांची लेक प्रज्ञा अमेरिकेत शिकायला गेली. विषय, एथनिक स्टडीज. इथल्या शाळेत 'एथनिक डे'ला ती नऊवारी नेसून जायची, तेवढ्या भांडवलावर भाऊंनी जाहीर केलं, "दळवीसाहेब, पोरगी कपड्याच्या लाइनीत गेली!" मी रत्नागिरीचा शहाणा, मलाही ते पटलं. भाऊंनी इथल्या हूरा भागातल्या दुकानातून सात कुर्ते घेऊन तिला पाठवले. अभ्यासाला.

शुक्रवारी दुपारी प्रज्ञाचा फोन आला. ती इंग्रजीत समजावू लागली, तसा भाऊंनी फोन माझ्यासमोर धरला. मी मराठी केलं: तिकडे काळ्या, मूळनिवासी, मेक्सिकन, आशियाई घरांतली पोरं कॉलेजात आली, पण पुस्तकात त्यांच्या घरचं कुणीच नव्हतं. आमच्या माणसांचा इतिहास शिकवा म्हणून त्यांनी कित्येक महिने संप केला. त्यातून हा विषय सुरू झाला.

"संप? अभ्यास वाढवा म्हून?" भाऊ चक्रावले. "पोरं तं कमी करा म्हणतेत!"

मी पुन्हा सांगितलं.

"खलास! समजलं. अन् कुर्ते?"

"पप्पा, आय अ‍ॅम वेअरिंग वन," प्रज्ञा हसली. मग कामाचं बोलली. सोमवारी वर्गात तिला आपल्या पणजीबद्दल, म्हणजे भाऊंच्या आजीबद्दल, बोलायचं होतं. "यू नेव्हर टोल्ड मी एनीथिंग."

फोन ठेवल्यावर भाऊ सांगू लागले.

"मुद्दामच नाई सांगतलं. बुढी रस्त्यावर गिट्टी फोडे, अन् मले शाळेत पोचवून दे. मास्तर तिले फाटकाच्या आत येऊ देत नव्हता. हे पोरीले कायले सांगा?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्या पोरांले संप करा लागला साहेब. मायी पोरगी तं नुसतं विचारून राह्यली."

"मग आता सांगा की तिला," मी म्हणालो.

त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "बेटा, माया आजीचं नाव..." आणि थांबले. नावच ठाऊक नव्हतं. सगळे तिला बुढीच म्हणायचे.

घाईघाईने गावी आत्याला फोन लावला. म्हातारी ओरडून बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"बुढीचं नाव? आज काहून रे?"

"कॉलेजात लागते, आत्या. अमेरिकेच्या."

पलीकडे आवाजच बंद झाला. फोन कटला असं वाटून भाऊ हॅलो हॅलो करू लागले.

"तुळसा," आत्या म्हणाली. मग बजावून, "नुसतं तुळसा नको लिवू रे. तुळसाबाई लिव."