बुटकी पेटी घरात आली ती हकीकत

घराची सत्ता अबाधित राहावी, नळास पाणी यावे, जळचरांनी खुशाल असावे, हे चिंतून मजकूर लिहिला जातो ऐसा जे :

तीर्थरूप बाबासाहेब, काचटाकीचे धनी, ड्रिलबहाद्दर, यांचा शेवटचा साधा दिवस रविवार होता. त्या दिवशी नवी टाकी बैठकीच्या खोलीत आडवी निजविली, आणि कन्येस काचेवर पाण्याची धार धरण्याचा हुकूम जाहला, मग खासा बाबासाहेबांनी ड्रिल हाती घेऊन मागच्या काचेस भोक पाडिले. आणि काच तडकली नाही, आणि गोल चकती अलगद हाती आली, मग आनंदास पारावार राहिला नाही. "बघ! केसाचा फरक नाही!" ऐसे गर्जते जाहले. कन्या "मस्त!" म्हणाली. आईसाहेब चहा घेऊन आल्या, भोक पाहून "छान" म्हणाल्या.

दुसरे दिवशी सकाळी बूट घालता घालता बाबासाहेब छातीस हात लावून खाली बसले, ते उठले नाहीत. याहून अधिक लिहिण्यास लेखणी राजी नाही.

आता त्या दौलतीचा कायदा ऐसा होता, की बाबासाहेबांचे माप चुकत नाही. त्यांनी फळी तिरकी ठोकली तेव्हा बरण्या तिरक्या ठरल्या. त्यांनी बसविलेले दार घासू लागले तेव्हा फरशी वर आली ऐसा निवाडा जाहला. हयातीत "तुमचं चुकलं" हे शब्द कोणी उच्चारले नाहीत. पश्चात तर कोण उच्चारतो?

इकडे जुनी टाकी सांध्यातून पाझरू लागली होती, म्हणोन सारा मत्स्यपरिवार, जाड्या नावाच्या वयोवृद्ध सोनेरी सरदारासह, न्हाणीघरात कपड्यांच्या टबात छावणी करून होता, आणि घरची माणसे कोपऱ्यात अंग चोरून आंघोळ करीत होती. मासेवाल्या दुकानदाराने बजावले, की टबात हे फार दिवस तगणार नाहीत, जमत नसेल तर माझ्याकडे आणून सोडा. ते ऐकून आईसाहेबांनी ताट सारले. "ह्यांचे मासे या घरातून जायचे नाहीत," एवढेच फर्मान निघाले, आणि मोहिमेचा विडा कन्येने उचलला.

कारस्थान म्हणाल तर ऐसे : टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी, तिजला संप म्हणतात. वरचे मळके पाणी भोकावाटे खाली उतरावे, स्पंजातून गाळले जावे, आणि पंपाच्या जोरावर पुन्हा गादीवर चढावे. परंतु भोकापुढे दातेरी पेटी हवी. दातांमधून पाणी आत यावे, मासा बाहेर राहावा. हिचे नाव ओव्हरफ्लो पेटी. ती निवडणे एवढेच बाकी होते, आणि तेवढ्यातच सारी फौज खपली.

प्रथम एक सडपातळ काळी पेटी थाटाने दाखल जाहली. भोकाशी लावून पाहतात तो तिचे दात टाकीच्या काठाच्या वर, जणू सकळांस हसताहेत! पाणी दातांशी पोहोचण्याआधी सोफ्याशी पोहोचते. आईसाहेबांनी निवाडा दिला, की पेटी गुन्हेगार. ती रवाना जाहली. मग तीन नळ्यांची, आवाज न करणारी म्हणून नावाजलेली पेटी आली. ती पहिलीहून उंच. तीही गुन्हेगार. मग मामासाहेब, मसलतीत आघाडीस आणि कामात पिछाडीस, पुढे सरसावले. भोक बुजवावे, काठावर लटकणारी पेटी घ्यावी, ती नळीने पाणी ओढते, ऐसी तजवीज त्यांनी मांडली. कन्येने अर्ज केला, की वीज गेली आणि ती ओढ तुटली, तर वीज येताच पंप वर पाणी चढवील, खाली काही उतरणार नाही, मग आपण सारेच टबात.

"आणि भोक बुजवणार?" आईसाहेब कडाडल्या. "ह्यांनी स्वतःच्या हातानं पाडलेलं?"

मामासाहेबांनी स्वयंपाकघराच्या दिशेने कूच केले.

तो न्हाणीघरातून वर्तमान आले, की जाड्या पाण्यावर तोंड काढून हवा गिळतो आहे. कन्येने पट्टी घेतली, काठापासून भोकापर्यंत धरली, आणि पट्टी बोलली ते पाहून पट्टी उलटी ठेविली. दुकानदार फोनवर होता. "मॅडम, भोक वर गेलंय का?" त्याने सरळ पुसले.

फोनचा आवाज मोठा होता, तो सवाल साऱ्या दरबाराने ऐकिला.

"आई, पेटीचं काही चुकलं नाही गं," कन्या म्हणाली. "ते..." आणि पुढे जीभ रेटेना.

मग आईसाहेबांनी फोन हाती घेतला. "हो, भोक वर गेलंय. बुटकी पेटी आहे का तुमच्याकडे?"

"ताई! तुला ठाऊक होतं?" मामासाहेब दारातून ओरडले.

"डोळे आहेत मला. चहा घेऊन आले तेव्हाच दिसलं. पण किती खूश होते रे."

"दिसलं तर मलाही होतं," मामासाहेबांनी ठोकून दिले.

"तू गप्प बस. तू आला तरी होतास का त्या दिवशी?"

मग त्या घरात पुष्कळ दिवसांनी हसू फुटले, आणि हसता हसता तिघांचेही डोळे गळू लागले, ते कोणी कोणास दाखविले नाहीत. आणि ठराव जाहला, की घराबाहेर विचारणा झाल्यास पेटीच उंच निघाली, ऐसे सांगावे.

बुटकी पेटी आली. रबरी चकती बसली, आटा आवळला, टाकी भरली. पाणी दातांशी आले, काठाखाली थबकले, आणि अदबीने आत उतरले. पंपाची पिन काढून परीक्षा घेतली. वरचे जादा पाणी संपाने निमूट पोटात घेतले. मग मत्स्यपरिवार वाजत-गाजत नव्हे, पण बादलीत बसून, गादीवर आला. जाड्याने पेटीस नाक लावून पाहिले आणि नापसंतीने पाठ फिरविली.

येणेप्रमाणे बुटकी पेटी फत्ते पावली, गनीम कोणी नव्हताच तो शरण आला, फरशी कोरडी राहिली, ऐसे यथास्थित नोंदले असे.

मंडळी आत गेली. कन्या काच पुसावयास मागे राहिली, आणि या दौलतीत कोणी तोंडावर न बोललेले शब्द ती स्वच्छ आवाजात बोलली :

"बाबा, चुकलं तुमचं."

हात थांबला.

"भोकाचं नाही म्हणत मी. असं काम अर्धं टाकून जातात का कोणी?"