कोर्टाच्या भाषेत करपलेली चिपा

“बाबा, ग्वारानीत एक शब्द जरी बोललात ना, तर मी विहिरीत उडी घेईन,” एडेल्मिरानं रविवारी सकाळी बजावलं. “आई, तूसुद्धा. आज फक्त स्पॅनिश!”

पोलिकार्पोनं निमूट मान हलवली. राजधानी असुन्सिओनहून एडेल्मिराच्या होणाऱ्या नवऱ्याचे, आर्नाल्दोचे आईवडील मुलगी बघायला, म्हणजे खरं तर मुलीचं घर बघायला येणार होते. मुलीचं लग्न जमत असेल तर चार तास जीभ आवरायला त्याची ना नव्हती. पण या घरात भांडणं, लाडीगोडी, गुरांशी गप्पा, सगळं ग्वारानीतच चालायचं. त्याला येणारी स्पॅनिश जिल्हा कोर्टातली. तिथं त्यानं तीस वर्षं शिपाईगिरी केली होती. बायको सेफेरिनाची स्पॅनिश दुपारच्या रेडिओवरच्या श्रुतिकांमधून आलेली. दोघं एकमेकांशी त्या भाषेत कधी बोललीच नव्हती.

पाहुणे आले. आर्नाल्दोची आई, सेन्योरा लेटिसिया, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. त्यांचे यजमान गास्पर जाडजूड आणि अबोल. सेफेरिनानं भट्टीतली गरम चिपा पुढे ठेवली. कसावा या कंदाच्या पिठाचे ते चीज घातलेले पाव नेहमीप्रमाणे खालून करपले होते.

गेली बत्तीस वर्षं पोलिकार्पो दर रविवारी म्हणायचा, “जाळलीस ना पुन्हा, म्हातारे!” सेफेरिना म्हणायची, “तुझं थोबाड जाळीन!” आणि मग दोघं हसत खायला बसायची. आज त्याला अगदीच राहवेना.

“श्रीमती सेफेरिना,” तो म्हणाला, “सदर चिपा खालील बाजूने करपली असल्याचे निदर्शनास आले आहे. अशी ही पहिलीच वेळ नसल्याची नोंद घ्यावी.”

खुद्द पोलिकार्पोच दचकला. आपल्या तोंडून हे कोण बोललं?

सेफेरिनाचा चेहरा पांढराफटक पडला. “पोलिकार्पो! इतकी वर्षं हे शल्य तुम्ही उरात जपलंत? मग आता आपल्यात उरलंच काय!”

तिनं त्याला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. अगं वेडे, गंमत केली, असं त्याला सांगायचं होतं. पण कोर्टात तीस वर्षांत कुणी गंमत केली नव्हती. तोंडातून निघालं ते असं, “आपले म्हणणे अमान्य. तथापि, वादी समझोत्यास तयार आहे.”

“वादी!” सेफेरिनानं हुंदका दिला. श्रुतिकेत एवढं झाल्यावर नायिका बॅग भरते. दुसरं काही तिला ठाऊकच नव्हतं. ती आत गेली आणि बॅग घेऊनच बाहेर आली. “मुलांना सांभाळा,” ती म्हणाली. मूल एकच होतं आणि त्याचंच लग्न जमत होतं.

“अहो, उठा,” लेटिसिया कुजबुजल्या. “इथं घटस्फोट चाललाय!”

एडेल्मिराच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिकडे सेफेरिना फाटकापाशी पोचली होती; कडी निघत नव्हती आणि ती खरोखरच रडत होती. पोलिकार्पोच्या डोक्यातलं कोर्ट उठलं.

“अगं ए भवाने!” तो ग्वारानीत गरजला. “कुठं निघालीस? तुझी जळकी चिपा खाऊन आतडी काळी झाली माझी! आता दुसरं काही पचणारंय का मला?”

बॅग धपकन खाली पडली. “मग गिळ ना, टोणग्या! म्हणे श्रीमती! श्रीमती असेल तुझी आजी!” सेफेरिना तरातरा आली, त्याच्या तोंडात चिपा कोंबली आणि त्याच्याच बाहीला डोळे पुसले.

“अगं बाई! आता मारामारी!” लेटिसिया किंचाळल्या.

“छे, मिटलं त्यांचं,” गास्पर पहिल्यांदाच बोलले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तुम्हाला ग्वारानी कळते?” लेटिसियांनी विचारलं.

“आईशी तीच बोलायचो. ती गेल्यापासून मला कुणी टोणग्या म्हटलेलं नाही,” गास्पर अतिशय अदबीनं, स्पॅनिशमध्ये म्हणाले.

लेटिसियांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली आणि खुर्ची सेफेरिनाकडे सरकवली.

“विहीणबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “तो शब्द मला जरा सावकाश सांगा बघू.”

तिसऱ्या खेपेला त्यांना तो नीट जमला. गास्परनी लाजून आणखी एक चिपा उचलली.