धोंडीबा कासवाचा अर्ज आणि कचेरीचा रंग

बाळांनो, एका जंगलात एक कचेरी होती. जंगलात कचेरी कशाला, असं विचारू नका. कचेरी आधीपासून होती. जंगल तिच्याभोवती नंतर वाढलं.

कुणी कुठल्या डोहात राहायचं आणि कुणी कुठल्या ओढ्याचं पाणी प्यायचं, हे ही कचेरी ठरवायची. तिथले मुख्य होते गेंडेसाहेब. साहेबांची कातडी जाड होती आणि नजर अधू होती. त्या खुर्चीला दोन्ही गुण लागतात. त्यांच्या हाताखाली साळूबाई साळिंदर नावाच्या हेडक्लार्क होत्या. लेखणी हवी असली की त्या पाठीवरचा एक काटा उपटून घेत.

जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला एका तळ्यात धोंडीबा कासव आणि त्याची बायको राहीबाई राहत होती. त्या वर्षी ऊन फार. तळं आटत चाललं.

"अहो," राहीबाई म्हणाली, "परवा पाणी गळ्यापर्यंत होतं. आज ढोपरापर्यंत आलंय. कचेरीत जा आणि नदीच्या डोहात राहायची परवानगी आणा."

धोंडीबा लगेच निघाला. लगेच म्हणजे कासवाच्या हिशेबाने. अकराव्या दिवशी तो कचेरीत पोचला.

दारावर पाटी होती : 'रंगकाम चालू असल्याने अर्ज घेतले जाणार नाहीत.'

धोंडीबाने आत डोकावून पाहिलं. रंगकाम कुठेच चालू नव्हतं. रंगाची चर्चा मात्र जोरात चालू होती.

त्याचं असं झालं होतं. सिंहाच्या दरबारातून पत्र आलं होतं : 'कचेरी प्रसन्न दिसावी.' आता प्रसन्न म्हणजे नेमका कुठला रंग, हे पत्रात नव्हतं. म्हणून साहेबांनी रंगनाथ सरडे यांना रंगसल्लागार नेमलं. सरडे भिंतीवर चढायचे आणि स्वतःच त्या रंगाचे व्हायचे.

"हा बघा साहेब. 'लाजरं जांभूळ'."

"फार लाजतंय," साहेब म्हणाले. "लोक कामाचं विचारतील तेव्हा आपल्यालाही लाज वाटायची."

"मग हा. 'काल विरजलेलं दही'."

"आंबट आहे."

"बरं, हा घ्या. 'सेवानिवृत्त बेडूक'."

साहेबांना तो फार आवडला. पण दप्तरखान्यातला बेडूक दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. त्याने सरड्यांकडे एकदा पाहिलं आणि "मी असा दिसणार?" म्हणून हुंदके द्यायला लागला. रंग रद्द झाला.

दुपारी सरडे दमले. ते नुसतेच भिंतीवर पडून राहिले.

"वा! हा! हाच!" साहेब ओरडले. "कुठला हा रंग?"

"साहेब," साळूबाई हळूच म्हणाल्या, "ती आपली जुनी भिंत आहे."

मग चंपा खारीला बोलावलं. चंपा जंगलातली नावाजलेली रंगारीण. शेपूट हाच तिचा ब्रश. ती रोज भिंतीवर नमुन्याचे चौकोन काढायची. साहेब नाक टेकवून बघायचे आणि म्हणायचे, "किंचित कमी प्रसन्न आहे."

इकडे धोंडीबा साळूबाईंसमोर उभा होता.

"बाई, एवढा अर्ज घ्या हो. तळं आटतंय. घरी माणूस आहे."

"रंग झाल्याशिवाय टेबल लागत नाही. टेबल लागल्याशिवाय अर्ज ठेवायचा कुठे?"

"तुमच्या हातात."

"हातात घेतलेला अर्ज बाद होतो, धोंडीबा. तुम्हाला नियम माहीत नाहीत. बसा तिकडे."

धोंडीबा भिंतीच्या कडेला बसला. रोज अर्ज पुढे करायचा आणि रोज मागे घ्यायचा. कवचात डोकं घालून तो थोडं रडायचा. रडून बाहेर आला, की चौकोन दोनाने वाढलेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यात राहीबाईच चालत आली. अंगावर सुकलेल्या चिखलाचे पोपडे होते. तळ्यात तेवढंच उरलं होतं.

"मिळाली परवानगी?"

"अजून रंग मिळाला नाही."

"आपल्याला रंग कशाला?"

"आपल्याला नाही. भिंतीला."

राहीबाईने भिंतीकडे पाहिलं. चौसष्ट चौकोन होते. "भिंत पाणी पिते का हो?" तिने विचारलं.

बायकोला तोंड कसं दाखवायचं, असं होऊन धोंडीबाने मान, पाय, शेपूट सगळं आत ओढून घेतलं.

तेवढ्यात चंपा तणतणत आली. भिंतीवर बोटभर जागा उरली नव्हती. तिची शेपटी मुळात कुठल्या रंगाची होती, हे तिलाही आठवेना. तिने वैतागून चौसष्ट डबे एका बादलीत ओतले. भिंतीच्या पायथ्याशी एक उंचवटा दिसला. तिने त्याच्यावर शेपटी फिरवली. रंग आला तो शेण आणि हापूस यांच्या मधला.

जेवण करून साहेब आले. उंचवट्याला नाक लावलं. बराच वेळ हलले नाहीत.

"अहाहा!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "सरडे, नाव काय याचं?"

सरड्यांनी तो रंग जन्मात पाहिला नव्हता. "'समाधान', साहेब," ते म्हणाले.

"साळूबाई, शिक्का!"

साळूबाईंनी उंचवट्यावरच शिक्का हाणला. मंजूर. खाली तारीख घातली. पाठीवरचा काटा उपटून साहेबांची सही घेतली. मग सगळे एकमेकांचं अभिनंदन करत चहाला गेले.

राहीबाईने ते अक्षर दोनदा वाचलं. मग ती कवचाशी तोंड नेऊन कुजबुजली, "अहो, उठा. हळू उठा."

"काय झालं? मोठा आवाज आला."

"तुम्ही मंजूर झालात."

दोघं निघाली. कासव पळ काढत असेल, अशी शंका कुणालाच येत नाही.

नदीच्या डोहावर मुंगूस पहारेकरी होता. त्याने धोंडीबाच्या पाठीवरचा शिक्का वाचला, तारीख पाहिली, सहीवर नखही घासून पाहिलं. सगळं बरोबर होतं.

"आणि ह्या बाई?"

धोंडीबा तीन आठवडे कचेरीत बसलेला. "जोडपत्र," तो म्हणाला.

मुंगूस गंभीर झाला. "मग सुटं का फिरवता? मूळ कागदासोबत ठेवा." आणि त्याने वाट सोडली.

राहीबाईने आधी बुडी मारली, मग धोंडीबाने. दोन दिवस कुणीच वर आलं नाही. पाठीवरचा रंग पाण्यात धुऊन गेला. शिक्का तेवढा राहिला. शाई सरकारी होती.

इकडे चहा पिऊन साहेब परतले, तर रंग जागेवर नाही!

"मंजूर झालेला रंग गेला कुठे?"

"चालत गेला, साहेब," चंपा म्हणाली. तिने खिडकीतून पाहिलं होतं.

ते कुणाला पटलं नाही. रंगाचा शोध घ्यायला एक समिती नेमली. समितीला बसायला खोली हवी. ती खोली प्रसन्न दिसावी, म्हणून सरडे पुन्हा भिंतीवर चढले आहेत.

तात्पर्य : चिकाटी धरावी, असे मोठी माणसे सांगतात. बाळांनो, त्यांचे ऐकू नका. कचेरीचे लक्ष अर्जदाराकडे नसते, भिंतीकडे असते. म्हणून शहाण्याने अर्ज करू नये. भिंत व्हावे.