दूध आल्याचा दाखला

आमच्या प्रसूतिगृहात स्तनपानाचं प्रमाण एकशे चार टक्के आहे, हे सुरुवातीलाच अभिमानाने नमूद करतो. वरचे चार टक्के कुठून आले, असं विचारणारे खवचट लोक डॅन्यूब नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. गेल्या महिन्यात पन्नास बायका बाळंत झाल्या, त्यांतल्या दोघींना जुळी झाली. बावन्न भागिले पन्नास, करा हिशेब! बावन्नही नावांपुढे बरोबरची खूण आहे, कारण तक्त्यात दुसरी खूण छापलेलीच नाही. स्तनपान-प्रोत्साहन कक्षाचा लिपिक मी आहे, ते खवचट लोक नव्हेत.

मंगळवारी पहाटे झ्लातिना नावाची पहिलटकरीण आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी झाली. जरा सावरल्यावर ती म्हणाली, "आणा तिला, पाजते."

"दाखला?" मी विचारलं.

"कसला?"

"दूध आल्याचा."

बाई नवीन होती, म्हणून मी शांतपणे नियम समजावला. बाळांची खोली तळमजल्यावर. दर तीन तासांनी बाळ पंधरा मिनिटांसाठी वर येतं. आधी त्याचं वजन, मग आई, मग पुन्हा वजन. वजन वाढलं की दाखला, आणि दाखला असला की बाळ चोवीस तास आईजवळ. आता जिन्यावर बाळं भोकाड पसरतात, आणि 'शांत विभाग' ही तर आम्हाला मिळवायच्या असलेल्या 'माता-स्नेही' पाटीची पहिली अट! म्हणून वर आणण्याआधी गेर्गिना सिस्टर प्रत्येकाला एकेक बाटली पाजतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आमच्याकडे रडायचीच सोय नाही.

नऊ वाजता मुलगी वर आली ती गाढ झोपेत.

"अहो, हिचं पोट तर टम्म आहे!" झ्लातिना म्हणाली.

"बाटली दिली ना."

"का दिलीत?"

"तुम्हाला दूध नाही म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"बाळ पीत नाही ना तुमचं."

"पोट भरल्यावर पिईल कशी?"

"तेच तर म्हणतोय मी," मी म्हणालो. आमचं एकमत झालं याचा मला आनंद वाटला. वजन वाढलं नाही. 'दूध नाही' अशी नोंद झाली, आणि दूध नाही म्हणून पुढची बाटली मंजूर झाली.

गुरुवारपर्यंत झ्लातिनाची छाती दगडासारखी घट्ट झाली. अंगात कणकण, डोळे रडून सुजलेले. सदऱ्यावर दुधाचे दोन ओले डाग होते, ते तिने मला दाखवले. मी दिलगिरी व्यक्त केली. डाग अर्जासोबत जोडता येत नाहीत.

भेटायला येणाऱ्यांना आमच्याकडे आत सोडत नाहीत. ते अंगणात उभे राहून वर ओरडतात आणि खिडकीतून सोडलेल्या दोरीला पिशव्या बांधतात. त्या दिवशी झ्लातिनाची आई, त्सोंका आजी, आली होती. दूध वाढावं म्हणून तिने बोझाची, म्हणजे बाजरीच्या आंबूस पेयाची, बाटली दोरीला बांधली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "दूध पुरतंय का गं, झ्लाती?"

"दूध आहे गं आई, बाळ पुरत नाहीये!"

बाळं वर आणण्याची नऊचीच वेळ होती. झ्लातिनाने मुलगी उचलून खिडकीत धरली. आजीचा चेहरा उजळला. ती तीनदा थुंकली आणि ओरडली, "थू, थू, थू! काय ही कुरूप! शी! कोंबड्या शिटोत गं तुझ्यावर!"

आमच्याकडे बाळाला गोड म्हणत नाहीत, दृष्ट लागते. मी स्वतः त्याच कोंबड्यांखाली वाढलोय. पण माझ्या हातात 'नातेवाइकांचा अभिप्राय' हा तक्ता होता, आणि त्यात दोनच रकाने: समाधानी, असमाधानी. मी प्रामाणिकपणे असमाधानीवर खूण केली.

"ए चष्मेवाल्या, काय लिहितोस रे? तुझी आजी काय म्हणायची तुला?" मला खिडकीत पाहून आजी खालून ओरडली.

"हेच म्हणायची, आजी. पण मायेसाठी रकाना नाही."

"मग कशाला शिकलास रे मेल्या!"

नातेवाईक बाळाबाबत असमाधानी असतील, तर बाळाला संरक्षण देणं क्रमप्राप्त होतं. मुलीचं वर जाणं दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून बंद झालं. तिचं नाव सिस्टरच्या यादीतून निघून माझ्या 'संरक्षित' यादीत आलं. झ्लातिना हे ऐकून भिंतीकडे तोंड करून पडली. बोझाची बाटलीही तिने उघडली नाही.

शुक्रवारी दहा वाजता पाटी द्यायची की नाही हे ठरवायला समिती आली. जिना चढता चढता अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "वा, काय शांतता आहे!" तेवढ्यात खालून एक किंकाळी आली. नऊची बाटली सिस्टरच्या यादीप्रमाणे वाटली होती, आणि माझ्या यादीत बाटलीचा उल्लेखच नव्हता. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या मुलीला कडकडून भूक लागली होती.

गेर्गिना सिस्टर खाली धावल्या, मुलीला उचललं आणि माझ्या अंगावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर निघाल्या.

"सिस्टर, दाखला!"

"चुलीत घाला तुमचा दाखला!"

त्यांनी मुलगी झ्लातिनाच्या कुशीत दिली. मुलीने दोनदा इकडेतिकडे तोंड मारलं आणि तिसऱ्यांदा घट्ट धरलं. मग घुटुक घुटुक असा आवाज सुरू झाला. झ्लातिना हसत होती की रडत होती, कळेना. मी वेळ टिपली: दहा वाजून वीस मिनिटं.

समितीने फोटो काढला, टाळ्या वाजवल्या आणि पाटी दिली. पंधरा मिनिटं झाल्यावर मी नियमाप्रमाणे मुलगी परत न्यायला गेलो.

"न्या बघू," झ्लातिना म्हणाली.

मी नेली नाही. रविवारी ती मुलीला घेऊन घरी गेली. त्या दिवशी पाजण्याआधी वजन केलेलं नसल्यामुळे दाखला मात्र देता आला नाही. आमच्या दाराशी पाटीखाली तिचाच फोटो लावलाय, आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे 'दूध नाही' असंच आहे.

महिन्याभराने ती बाजारात भेटली. मुलीचे गाल भोपळ्यासारखे झाले होते. मी रीतीप्रमाणे थुंकून तिला कुरूप म्हणालो आणि मग सहज विचारलं, "पुरतंय ना दूध?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कोबी न घेताच घरी आलो.

हसा, खुशाल हसा मला. पण गेल्या खेपेस बाळंतीण बघायला गेला होतात, तेव्हा दारात चपला काढता काढता तिला पहिला प्रश्न कोणता विचारलात, तेवढं आठवा. आमचा तक्ता तुम्हालाच विचारून छापलाय.