चेहरा झिजलेला टाक

आमच्या शेजारच्या दिगंबरअण्णांना चांदीच्या वाटीत खीर देऊ नये. ते वाटी उलटी करून बघतात. माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी हे केलं तेव्हा वाटीत खीर होती. खीर सतरंजीवर गेली आणि अण्णा वाटीचं बूड उजेडाकडं धरून म्हणाले, "ठोक्याचं काम हाय. मशीनचं न्हाई." सतरंजी मी धुतली.

नांदेडात आमची दारं समोरासमोर आहेत. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. घरात सोनार कुणी नाही, चांदी म्हणावी तर चार वाट्या आणि एक तांब्या. तरी जुनी चांदी दिसली की तिचं गाव आणि वय सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. हे वेड कुठून लागलं ते मी त्यांच्या बायकोला, सरूला, एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "लागलं तवा मी भाकरी करून राहिले होते. बघितलं न्हाई."

त्यांची रीत ठरलेली. आधी वस्तू तळहातावर झुलवायची. मग नखानं वाजवून कानाशी न्यायची. मग हुंगायची. तेवढ्यानं भागलं नाही तर जिभेचं टोक लावायचं. एका घरी त्यांनी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला जीभ लावली. त्या बाईनं देवाला पुन्हा अंघोळ घातली आणि अण्णांना पुन्हा बोलावलं नाही.

निकाल दोनच. एक, पोलिस ॲक्शनच्या, म्हणजे निजाम जायच्या, आधीचं. दुसरा, पोलिस ॲक्शनच्या नंतरचं. आधीचं असलं की आवाज मऊ होणार. नंतरचं असलं की वस्तू खाली ठेवताना आपटणार. मग गाव. तारेची नक्षी दिसली की करीमनगर, बाकी सगळं हैदराबाद. लातूरला कधी कुणी चांगली चांदी घडवली हे त्यांना मान्य नाही, कारण लातूर त्यांची सासुरवाडी.

चूक मात्र त्यांची कधीच नसते. माझी गुलाबदाणी बघून ते म्हणाले, आधीचं, हैदराबादी हात. मी सांगितलं की ही आम्ही नवराबायकोनं माळेगावच्या जत्रेत घेतली, नवी कोरी. त्यावर म्हणाले, "मग त्या दुकानदाराला कळलं न्हाई वैनी. त्यानं जुना माल नवा म्हणून दिला." असल्या माणसाशी काय बोलायचं.

एकदा लातूरला एका लग्नात नवऱ्या मुलाचा बाप आजोबांचं फुलपात्र सगळ्यांना दाखवत होता. अण्णांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि भर मांडवात सांगितलं की आजोबांच्या वेळचं नाही, ह्या पोराच्या वेळचं असेल. सरू न जेवता उठली. अण्णा जेवले. परत येताना बसमध्ये तिनं तोंडातून शब्द काढला नाही, आणि अण्णा मला म्हणतात, हिला बस लागली असेल.

मला त्यांचा कंटाळा यायचा. खोटं कशाला सांगू. दुपारी जरा पाठ टेकावी तर दारात उभे, कुणाच्या तरी घरातली अत्तरदाणी फडक्यात गुंडाळून. सरू होती तोवर मी त्यांना तिच्याकडं पिटाळायची आणि ती माझ्याकडं.

पौषात सरू गेली. तेरवीपर्यंत अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. नंतर सुनेनं, शीतलनं, देव्हारा आवरायला काढला. आमच्याकडं देवांचे टाक असतात, म्हणजे देवाचं चित्र ठोकलेला चांदीचा छोटा पत्रा. धुऊन धुऊन चित्र गेलं की सोनाराला देऊन आटवतात आणि त्याच देवाचा नवा घडवतात. शीतलनं झिजलेले टाक पेपरवर काढले होते. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ते सोनाराकडं नेणार होता. कुठला देव कुठला ते तिला ओळखू येईना, म्हणून तिनं सासऱ्याला बोलावलं. मी मेथी निवडायला तिथंच बसले होते.

इतक्या दिवसांत अण्णा पहिल्यांदा नीट बसले. भिंग आणलं. हा खंडोबा, घोड्याचे पाय दिसतात. ही भवानी. मग एक टाक हातात आला. बायकी आकार एवढंच कळत होतं. चेहरा पार सपाट, वरची कडी तुटलेली. अण्णांनी तो झुलवला, वाजवला, हुंगला.

"लई जुना," म्हणाले. आवाज मऊ झाला. "शंभर वर्षांच्या वरचा. तेलंगणाकडची कुठलीतरी गावदेवी. आमच्या पणजीनं आणली असंल. आता कुणाला ठावं न्हाई ही कोण. आटवून टाक, शीतल."

शीतलनं तो आटवायच्या ढिगात ठेवला.

मी मेथी बाजूला केली. "अण्णा, ही देवी न्हाई. ही कमल हाय."

कमल त्यांची पहिली बायको, बिलोलीची. वर्षाच्या आत वारली. फोटोसुद्धा नाही. आमच्यात पहिली वारली आणि माणसानं दुसरी केली की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक बांधतात. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. शीतलला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं.

"तुमच्या आईनं धर्माबादच्या सोनाराकडून करून घेतला होता," मी अण्णांना म्हणाले. "सरूनंच सांगितलं होतं मला. लग्नात तिच्या गळ्यात बांधला. कडी तुटल्यावर तिनं देवात ठेवला."

"मग तो एवढा कसा झिजंल?" अण्णा म्हणाले. "चांदी एवढ्या वर्षांत एवढी झिजत न्हाई."

"रोज अंगठ्यानं राख लावून घासली की झिजते. अंघोळ झाली की घासत बसायची. घासता घासता बोलायची तिच्याशी."

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "काय बोलायची?"

"घरातलंच. पोराला ताप आलाय. डाळ शिजत न्हाई. तुम्ही कुणाच्या घरी भांडी उलटी करून राहिलात अन् अजून आला न्हाईत."

शीतलनं टाक ढिगातून उचलला आणि त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो उलटा केला नाही. अंगठा ठेवला चेहऱ्याच्या जागी. अंगठा बसेल असा तिथं खळगा पडला होता, पण तो सरूच्या बारीक अंगठ्याचा. अण्णांचा मोठा, मावेना.

अंगठा काढून म्हणाले, "मग सरूचा टाक कोण बांधंल, वैनी?"

"तिसरी केली असती तर तिनं बांधला असता. आता या वयात तुम्हाला कोण देतंय?"

ते मान हलवून 'हाव' म्हणाले, जसं काही मी बाजारभाव सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी पोरगा सोनाराकडं निघाला तेव्हा अण्णांनी सरूची जोडवी त्याच्याजवळ दिली. कशाला ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दारात उभे राहिले. फडकं नव्हतं. मुठीत काळा दोरा होता, त्यात दोन टाक. एक तो सपाट, नवी कडी लावलेला. दुसरा जोडवी आटवून केलेला, चकचकीत, नाकडोळे ठसठशीत. सरूसारखी ती अजिबात नव्हती, सोनारानं बाई काढली होती एवढंच.

"गाठ मागं येते," म्हणाले. "हात पोचत न्हाई."

"सुनेला सांगायचं."

"तिला कसं सांगू?"

माझ्याकडं पाठ करून ते पायरीवर बसले आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मान वाळून काटकी झाली होती. मी दोरा बांधला, दोनदा गाठ मारली. सुटणार तर न्हाई, असं त्यांनी विचारलं. मी न्हाई म्हणाले. त्यांनी दोन्ही टाक सदऱ्याच्या आत टाकले, बटण लावलं आणि तिथंच बसून राहिले.

मला झोप आली होती. पण मी त्यांना जा म्हणाले नाही.