बातमीचा सोमवार

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात शैलजाकाकूंनी नेम धरला होता, की सोमवारी जो कुणी उंबरठा ओलांडून आत येईल त्याने दिवेलागणीपर्यंत त्यांच्याबरोबर उपास करायचा. आणि शेलवडीत सरकारी बातम्या नऊवारी नेसून पायी फिरत असल्यामुळे एका सोमवारी एक बातमी आत आली.

चांगली अंगाने भरलेली होती. सकाळी कचेरीतून निघाली तेव्हा काडी होती म्हणे. पण घरोघरी तिला "अगंबाई!" वाढलं गेलं, कुणी वरून "मला संशय होताच" घातलं, तशी ती दारात मावेना. मागे सरकारचे भक्त प्रल्हादभावजी ढोलकी बडवत होते.

"वहिनी, शमीमबीच्या बांगड्यांत विष आहे! गावातलं शेवटचं घर तुमचं. दिवे लागायच्या आत एकदा 'अगंबाई' म्हणा, की शमीमबी गावाबाहेर. नियमच आहे तसा."

काकूंचा हात आपल्या बांगड्यांवर गेला. लग्नाचा चुडा त्यांना शमीमबीनेच भरला होता. पण आलेल्याला पाट द्यायला त्या विसरल्या नाहीत.

"बसा हो बाई. भावजी, तुम्ही येताय आत? आज सोमवार."

भावजींच्या एका हातात गरम वडा होता. ते ओट्यावरच थांबले.

दुपारी बातमीला कळ निघेना. "अहो, विचारा ना, पुढे काय झालं!"

"उपास आहे," काकू वाती वळत म्हणाल्या. "पाणी घ्या."

"एक लहानसं 'अगंबाई' चालेल. कोरडं असलं तरी."

"दिवेलागणीला. तोवर सांगा, आजारी कोण पडलं? कुणाची लेक, कुणाची सून?"

बातमीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं पोलकं ढिलं झालं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या अंगातून मागची भिंत दिसायला लागली. काकूंना उपासाचा थकवा म्हणून वाटेना. हात नुसते भराभर चालत होते.

समई लावून त्या वळल्या, तर पाटावर लुगडं तेवढं उरलं होतं.

"बातमी कुठाय?" भावजी ओरडले.

"उपास सोसवला नाही हो तिला. लुगडं घेऊन जा, दुसरीला होईल."

तो ओरडा ऐकून शमीमबी बांगड्यांची पेटी घेऊन धावतच आली. तिच्यामागे गल्लीभरच्या बायका, सकाळी बांगड्या उतरवल्यामुळे मोकळ्या मनगटांच्या. बांगड्या भरायला काकूंनी आपला हात सगळ्यांत आधी पुढे केला.

"काकू, केलंत तरी काय?" बायका विचारू लागल्या.

"काही नाही गं. उपाशी बसवली. उद्या दुसरी येईल, लुगडं हेच असेल. कुणाचा मंगळवार असतो, कुणाचा गुरुवार. आपला सगळ्यांचा मिळून आठवडा भरेल. एवढं करा, बायांनो. तुमच्या दारी आली की तिला पाट द्या, पाणी द्या, नीट नाव-गाव विचारा, आणि दिवा लागेपर्यंत काही वाढू नका."