बंद खोलीत लावलेला रंग

पाहुणे त्या दिवशी सकाळी आले की दुपारी, हे मला आता नक्की आठवत नाही. (ही म्हणते सकाळी. म्हणजे सकाळीच.) पण ते यायच्या आधी कपाट रंगवायचं मी ठरवलं, एवढं पक्कं आठवतं.

अनुजाला बघायला कसबा बावड्याहून आकाराम पाटील मुलाला घेऊन येणार होते. अनुजाला मात्र लग्न नको होतं, औषधशास्त्रात पुढे शिकायचं होतं. "बाबा, तुम्ही बोला की त्यांच्याशी," असं ती रडवेली होऊन म्हणाली होती. मी म्हणालो, "बघतो." मी संख्याशास्त्रातला डॉक्टर; पण रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणेपर्यंत माझं घर मागे पडतं. त्यात माझी भीतीची गोळी हिने लपवलेली. "पाहुण्यांसमोर पेंगाल!"

हात थरथरत होते. त्यांना काम म्हणून आतल्या खोलीतलं कपाट रंगवायला घेतलं. डब्यावर 'हवेशीर जागी वापरावे' असं लिहिलं होतं, पण ओल्या रंगावर धूळ बसली तर? मी दारं-खिडक्या घट्ट लावल्या आणि निळ्या रंगात थिनर ओतला.

थोड्या वेळाने हात थरथरायचे थांबले. छातीतली धडधडही गेली. पाहुणे काय, माणसंच ती!

बाहेर आवाज आले तसा मी ब्रश घेऊनच बैठकीत गेलो.

"या पाटील! मुलगा छान आहे. पण आमची मुलगी मिळणार नाही."

हिने पोह्यांच्या बश्या तशाच खाली ठेवल्या. "चेष्टा करतायत हो," ही म्हणाली.

"चेष्टा नाही. तिला शिकायचंय."

आकाराम उठले. दारातून वाकून येणारा माणूस तो! "सर, घरी बोलवून अपमान करताय व्हय?"

"बसा हो!" म्हणून मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. पांढऱ्या सदऱ्यावर पाच निळी बोटं उमटली.

अनुजाने धावत जाऊन आतल्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. बैठकीपर्यंत वारा आला आणि माझी भीती परत आली.

आकारामांनी नाक वर करून वास घेतला. "दारं लावून रंग लावलाय न्हवं? आता आलासा भानावर? मग परत सांगा. पोरगी द्यायची हाय का न्हाय?"

अनुजा माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं.

"बघतो," मी म्हणालो आणि ओकायला मोरीकडे पळालो.

तिथूनच अनुजाचा आवाज ऐकू आला. "काका, बाबा खरं बोलले. मला शिकायचंय."

"मग आधीच सांगायचं की पोरी! आण ते पोहं हिकडं."

त्यात रंगाचा काही संबंध नव्हता, मी त्या दिवशी वाघासारखा बोललो, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. परवा अनुजा माहेरी आली. ती आता औषधशास्त्रातली डॉक्टर आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, थिनरच्या वाफेनं भित्रा जीव धीट होतो का?"

"थोडा वेळ होतो, बाबा. तुमच्या गोळीसारखंच. पण मेंदूची वाट लागते. प्रयोग झालेत त्यावर."

"माणसांवर?"

"नाही हो. उंदरांवर."